जपानी रकाब

पोलिसातली माझी सगळी वर्षं एका बाजूला ठेवली आणि ही एक घटना दुसऱ्या बाजूला, तरी हीच जड होईल. तपास लागला, वस्तू सापडली, निर्दोष बाई सुटली. दप्तरात तेवढंच आहे. पण मला तिची आठवण आली की अजून बरं वाटत नाही.

तेव्हा आमचं गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं आणि राज्य इंग्रजांचं होतं. माझे मालक गोंदियाच्या ठाण्यात जमादार होते. ते वारल्यावर ठाणेदार साहेबांनी मला बायकांच्या झडतीसाठी ठेवून घेतलं. बाईच्या अंगाची झडती बाईनंच घ्यायची, असा कायदा आहे. बाई कैदी आली की तिच्याजवळ बसायचं, तिला कचेरीत नेताना बरोबर जायचं, हेही माझ्याकडे होतं. पुढं स्वराज्य आलं, बायकांना पोलिसात घेऊ लागले, तेव्हा मला शिपाई करून घेतलं आणि जमादार होऊन मी नोकरीतून निघाले. इथं मी कोणाचं नाव लिहिणार नाही. त्यातल्या काहींची मुलंबाळं अजून याच गावात आहेत.

गोंदिया म्हणजे रेल्वेचं मोठं ठिकाण. सकाळची गिनती, म्हणजे शिपायांची हजेरी, आटोपली की ठाण्याच्या ओसरीत माणसं येऊन बसत. कोणाची पेटी गाडीतून गेलेली, कोणाचं गाठोडं बदललेलं. फिर्यादी लिहिणारे जमादार वर्धेकडचे होते. हात वळणदार, तोंड मिस्कील. हिंदी समजायची त्यांना, पण गोंदियाची हिंदी म्हणजे बाजाराची हिंदी, आणि ती रोज नवी वाटायची.

दसरा होऊन थोडे दिवस झाले होते. गावातल्या एका मोठ्या शेठचे मुनीम आले. शेठचा मँगनीजचा धंदा होता. खाणीतला माल रेल्वेनं जायचा, मग जहाजातून जपानपर्यंत. शिवाय तिरोड्याच्या वाटेवर, गोंदियाला लागूनच असलेल्या एका गावची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, त्यांच्याकडे होती. शेठ त्या वेळी कलकत्त्याला गेलेले. मुनीमांच्या गालात पान होतं आणि त्यांनाही कलकत्त्याचीच गाडी धरायची होती, म्हणून ते उभ्यानंच बोलत होते.

"शेठजीके बैठकखानेसे चोरी हुई है, जमादार साब. दो जापानी रकाब. उसपे चांदीका काम है, बेल-बूटा."

आमच्याकडे बशीला रकाबी म्हणतात. जपानी कपबश्या तेव्हा बाजारात ढिगानं मिळत. जमादारांनी विचारलं, "और कप?"

"कप-वप सब है. सिर्फ रकाब गयी."

"म्हणजे चोर बशीनं चहा पिणारा दिसतो," जमादार म्हणाले आणि ओसरीतले सगळे हसले. मुनीमही हसले. त्यांना मराठी थोडीच कळायची. जमादारांनी लिहिलं, चांदीचं काम केलेल्या दोन जपानी रकाब्या. मुनीमांनी सही ठोकली आणि स्टेशनाकडे निघून गेले.

चौकशी करायची तर आधी शेठच्या घरातल्या बायकांना विचारायला हवं होतं. पण ते पडद्याचं घर. शेठ नाहीत, मुनीम नाहीत, अशा वेळी पोलीस आत कसे जाणार? ठाणेदार साहेब म्हणाले, मुनीम येऊ दे, मग जबाब घेऊ. साहेब वाईट नव्हते. मोठ्या घराशी सगळेच असं वागत.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. खबऱ्या म्हणजे एक छकडेवाला, गावोगाव फिरणारा. साहेबांना म्हणाला, "शेठच्या घरची भांडेवाली हाय ना, ढिवरीन? तिच्या घरी दोन जपानी रकाब्या हायेत जी. तिचा नातू त्यातच पेज पिऊन रायला. म्या माया डोळ्यानं पायलं."

तासाभरात आम्ही तिच्या टोलीवर, म्हणजे वस्तीवर, होतो. साहेब, दोन शिपाई, दोन पंच आणि मी. शेठच्या मालगुजारीच्या गावाबाहेर बोडी होती, म्हणजे लहान तलाव. त्याच्या पाळीला लागून ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्या आणि शिंगाडा लावणाऱ्या लोकांची, घरं. पाण्यावर सगळीकडे शिंगाड्याचे वेल पसरले होते, पाणी दिसत नव्हतं. तिचा नवरा डोंग्यात बसून वेल उचलून पाहत होता.

बाई चाळीसच्या आसपासची, काटक. आम्हाला पाहून घाबरली नाही, नवल करू लागली. मी झडती घ्यायला आत गेले, तर तिनंच फळीवरून दोन बश्या काढून माझ्या हातात दिल्या.

"ह्या घ्या. ह्याच्यासाठी एवढे शिपाई? काऊन, साहेबाले चहा प्याचा हाय का?"

मी त्या बाहेर आणल्या. साहेबांनी उलटून पाहिल्या. खाली जपानचा शिक्का होता.

"या शेठच्या घरच्या?"

"हो जी."

"तूच आणल्या?"

"म्याच आणल्या. कोर उडाली होती. शेठानीबाईनं फेकाले सांगतलं. म्या नाय फेकल्या, घरी आणल्या."

"विचारून आणल्या का?"

"उकिरड्याच्या वस्तूले कोण पुसते, साहेब?"

तिचं हे बोलणं पंचांना उद्धट वाटलं. तिला ठाण्यात आणलं.

तिथं विचारपूस झाली तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. साहेबांनी बशी तिच्यापुढं धरली. "याच्यावरची चांदी कुठं आहे?"

"कायची चांदी?"

"काठाला काही चमकत होतं की नाही?"

"होतं ना. सोन्यावानी रेघ होती."

"मग ती कुठं गेली?"

"गेली जी. राखेनं घासता घासता गेली."

जमादारांनी टाक खाली ठेवला. "ऐकलंत साहेब? काढली म्हणते."

"काढली नाय, गेली म्हणतलं म्या!"

"तेच ते. कोणत्या सोनाराकडं गेली?"

यावर ती हसली. ठाण्यात हसणं फार वाईट. निर्दोष माणूस हसतो आणि मुरलेला चोरही हसतो, बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. साहेबांनी बाजारातल्या सोनारांना बोलावून विचारलं, कोणीच चांदी घेतली नव्हती. म्हणजे माल लपवलाय असं ठरलं. तहसीलदारांपुढं उभी करून तिची कोठडी वाढवून घेतली.

बायकांची कोठडी म्हणजे मालखान्याजवळची लहान खोली. एक चटई, एक मडकं. मी दाराशी बसायची. मला फार बोलता येत नाही आणि कैद्याशी बोलूही नये. पण ती बोलायची. तिला तुरुंगाची भीती नव्हती. तिचा जीव बोडीत अडकला होता.

"जमादारीनबाई, शिंगाडा भरून आलाय. आता नाय तोडला तं वेलावरून सुटून तळाले जाते. मंग चिखलातून कोण काढते? सारा पावसाळा आमी वेल लावले, किडे वेचले. माहा मालक एकटा काय करन? डोंगा धराले एक मानूस लागते, वेल उलटाले एक."

"सुटशील," मी म्हणाले.

"कवा? शिंगाडा थांबते का?"

बोडी शेठची. जेठ महिन्यात शेठचा कामदार, म्हणजे गावातला त्यांचा कारभारी, एखाद्या ढिवर घराला शिंगाडा लावायला सांगायचा. सगळं तोंडी. या बाईच्या घरी बोडी तिच्या सासऱ्यापासून होती.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा भात घेऊन आला. गाठोडं मांडीवर घेऊन गजाबाहेर बसला. मग म्हणाला, "कामदार आला होता."

"कायले?"

"चोट्ट्याच्या घरी बोडी नाय ठेवाची म्हणते. येत्या बाजारानंतर दुसऱ्याले देऊन रायला."

"अन् तू काय म्हणलास?"

"काय म्हणू? तू ठाण्यात कबूल केली म्हणते."

"रकाबीचं कबूल केलं! चोरीचं कधी केलं?"

"मले काय समजते तुमचं रकाबीचं." त्यानं भाताचं गाठोडं आत सरकवलं. "जेव."

ती जेवली नाही. मी साहेबांकडे गेले. मी आपण होऊन त्यांच्यापुढं कधी बोलत नसे, पण त्या दिवशी दाराशी उभी राहून म्हटलं, शेठाणीनं बश्या फेकायला सांगितल्या असं ती म्हणते, ते एकदा विचारून यावं का? साहेबांनी कागदातून मान वर केली. "मुनीम अजून आले नाहीत ना? बरं, तुम्ही बाई आहात, तुम्हाला कोण अडवतंय. जाऊन या."

एवढ्यानंच झालं. कोणी अडवलंच नाही. शेठाणीनं मला आत बसवलं, पाणी दिलं.

"रकाबियाँ? हाँ, मैंनेही फेंकनेको बोला था. कोर टूटी हुई थी. उसके लिये बेचारीको पकडा है?"

मी म्हटलं, मुनीमांनी फिर्याद दिली आहे, दोन रकाबी चोरीला गेल्या, चांदीच्या कामाच्या.

शेठाणी माझ्याकडे पाहतच राहिली. "चांदीकी रकाबी हमारे यहाँ थी कब?" मग तिनं मला बैठकीत नेलं. भिंतीतल्या काचेच्या कपाटात जपानी कपबश्या मांडलेल्या होत्या, पंखा होता, एक बाहुली होती. बश्या जिथल्या तिथं होत्या. पण वरचा कप्पा रिकामा होता.

"यहाँ क्या था?" मी विचारलं.

"यहाँ? वो लोहेकी जूतियाँ थी. जापानी सेठने इनको भेट दी थी. माँजीने हटवा दी."

शेठच्या आई आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. देवघर त्या कपाटाच्या बरोबर मागं, एकच भिंत. त्या म्हणाल्या, "पाँवकी चीज ठाकुरजीकी भीतसे लगाके रखी थी. कितनी बार बोला लडकेको. वो कलकत्ता गया, मैंने उठवाके घोडेवालेको दे दी. घोडेकी चीज है, घोडेके पास रहे."

"माँजी, किसीको बताया नहीं?"

"किसने पूछा? मुनीम तो गाडी पकडने भाग गया. बादमें सब नौकर रकाबी-रकाबी कर रहे थे. रकाबीका मुझे क्या मालूम?"

मी मागच्या पागेत गेले. साईस घोड्याला चंदी घालत होता. आमच्याकडे घोड्याच्या दाण्याला चंदी म्हणतात. हातातल्या काळ्या जड वस्तूनं तो पोत्यातले हरभरे काढून तोबऱ्यात ओतत होता. दुसरी तशीच वस्तू खुंटीला टांगलेली होती.

"हे काय आहे?"

"चंदीचं माप हाय जी. माँजीनं देल्लं. भारी हाय थोडं, पन चने मस्त राहतेत."

मी ती हातात घेतली. बदकाच्या छातीसारखी पुढून फुगीर आणि वर वळलेली, मागं लांब सपाट, पाऊल ठेवण्याएवढी, बाजूनं मोकळी. आतून आमच्या लाखेच्या बांगडीसारखी लाल. बाहेरच्या काळ्या लोखंडात चांदीची बारीक तार ठोकून लाटा काढल्या होत्या आणि लाटांवर बगळे उडत होते. हरभऱ्याची धूळ त्यावर बसली होती. मी पदरानं पुसली तर बगळ्याचं एकेक पीस दिसायला लागलं.

माझा निरोप मिळताच साहेब पंच घेऊन आले, जमादारही आले. साहेब घोड्यावर बसणारे होते. त्यांनी ती वस्तू जमिनीवर ठेवली, थोडा वेळ पाहिली आणि आपला बूट तिच्यात ठेवला. बूट बरोबर बसला.

"ही रिकीब आहे, खोगिराला टांगतात ती," ते म्हणाले.

जमादारांनी ती उचलून हातात फिरवली. मग हळूच म्हणाले, "साहेब, हिंदीत रिकिबीला रकाब म्हणतात. मुनीम रकाबच म्हणत होता. मी म्हटलं, तोंडात पान आहे, शेवटचा ई गिळला असेल." त्यांना दोष कोण देणार? ओसरीत बसलेल्या आम्हा सगळ्यांनाही रकाबीच ऐकू आली होती.

चोरी झालीच नव्हती. साहेबांनी तिथंच पंचनामा केला आणि तिला सोडण्याचा अहवाल तहसीलदारांकडे पाठवला. तहसीलदार अर्जुनीकडे दौऱ्यावर होते. कोठडी त्यांच्या हुकमानं वाढवलेली, म्हणून सुटकाही त्यांच्याच हुकमानं व्हायची. मधे बाजाराचा दिवस गेला. हुकूम आला त्या सकाळी साहेबांनी मला तिच्याबरोबर टोलीवर पाठवलं. कामदाराला निरोपही दिला, की बाई निर्दोष आहे.

वाटेत ती माझ्या पुढं पुढं चालत होती. पाळीवर चढली आणि थांबली. बोडीत दुसऱ्यांचे डोंगे होते. वेल उलटून एका बाजूला ओढलेले, मधलं पाणी मोकळं झालेलं. काठावर हिरव्या शिंगाड्यांचे ढीग पडले होते. तोडणारे तिच्याच जातीचे, लांबच्या नात्यातले. त्यांनी तिला पाहिलं आणि खाली मान घालून तोडत राहिले. तिचा नवरा घराच्या भिंतीला टेकून बसला होता.

कामदार तिथंच होता. मी साहेबांचा निरोप सांगितला.

"निर्दोष हाय तं चांगलंच हाय ना, बाई," तो म्हणाला. "पन मी आता शब्द देऊन बसलो. यायनं डोंगे आणले, मानसं लावली. यायले मागं कसं फिरवू? शेठ आले की पाहू."

शेठ आले. बाईला परत कामावर बोलावलं, नवं लुगडं दिलं. ठाणेदार साहेब स्वतः त्यांच्याकडे गेले होते, हे मला सांगितलंच पाहिजे. शेठ म्हणाले, गावचं काम कामदार पाहतो, त्याचा शब्द मी कसा मोडू. बोडी तोंडी दिलेली होती, तोंडी गेली. त्यावर कोणताही कायदा चालत नव्हता. तिनं लुगडं घेतलं नाही आणि कामालाही गेली नाही.

साहेब शेठच्या घरी गेले त्या दिवशी शेठनी त्यांना त्या रिकिबी दाखवल्या. मी आणि एक शिपाई मागं उभे होतो. जपानात समुराई नावाचे लढवय्ये सरदार होते, त्यांच्या घोड्याच्या या रिकिबी, असं शेठ सांगत होते. आधी लोखंडात बारीक चर खोदतात, मग चांदीची तार त्यात हातोडीनं बसवतात, म्हणून ती शंभर वर्षं निघत नाही. मला ते काम फार सुंदर वाटलं. सुंदर वाटलं म्हणून अजून वाईट वाटलं. आता त्या दुसऱ्या भिंतीच्या कपाटात होत्या, देवघरापासून लांब. पुढं जपानशी लढाई लागली तेव्हा जपानची वस्तू घरात नको म्हणून शेठनी त्या काढून टाकल्या. कुठं गेल्या, कोणाला माहीत नाही. कोणी विचारलंही नाही.

या घटनेनंतर मी एक सवय लावून घेतली. कोणी वस्तू हरवली म्हणून आलं की मी नाव विचारायच्या आधी म्हणायची, हातानं दाखव केवढी आहे, काय करतात तिचं. नवे शिपाई मला हसायचे. हसू दे. आपल्या इकडे एका गल्लीत चार बोल्या आहेत. ज्याला आपण एक म्हणतो त्याला शेजारचा दुसरंच म्हणतो, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

पण शब्दाचा घोटाळा कोणाकडूनही होतो. मला लागलं ते दुसरंच. भांडेवालीच्या घरी आम्ही खबर आल्या आल्या गेलो. शेठच्या घरी परवानगीची वाट पाहत बसलो. त्या घरात पहिल्याच दिवशी कोणी गेलं असतं, तर पाणी प्यायला लागतो तेवढ्या वेळात सगळं उलगडलं असतं आणि बोडी राहिली असती. कायदा दोन्ही घरांना एकच होता. आमची पावलं एक नव्हती. पुढं माझ्या हाताखाली माणसं आली तेव्हा मी त्यांना हे सांगायची. काहींनी ऐकलं.

ती मला एकदाच भेटली, पुष्कळ दिवसांनी, गोंदियाच्या बाजारात. उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसली होती. मी ओळख दाखवावी की नाही या विचारात होते, तर तिनंच हाक मारली.

"या ना, जमादारीनबाई! बसा." तिनं एक शिंगाडा दोन्ही शिंगांना धरून माझ्यापुढं उचलला. "याले शिंगाडा म्हणतेत. ठाण्यात नीट सांगजा, नायतं आनखी काही लिहून घेतीन."

आजूबाजूच्या विकणाऱ्या बायका हसल्या, तीही हसली. मी शेरभर मागितले. तिनं तोलून माझ्या पिशवीत ओतले आणि सवयीनं वर एक मूठ टाकली. मग तिचा हात थांबला. तेवढे वेचून तिनं परत टोपलीत टाकले.

"राग नोका मानू जी," ती म्हणाली. "माल माहा नाय."